खाट पुढे गेली

पाचव्या वेतन आयोगाचा फरक हातात पडला आणि आमच्या शाळेच्या स्टाफरूमला इन्कम टॅक्स नावाचं नवं दुखणं जडलं. तोवर टॅक्स म्हणजे डॉक्टरांची आणि वकिलांची डोकेदुखी, असा आमचा समज होता. आंब्याच्या बागावाल्यांना तर तीही नव्हती. मास्तरणीच्या पगारात सरकारने हात घालावा इतका तो पगार कधी नव्हताच. त्या वर्षी मात्र मधल्या सुट्टीत डबे उघडले की भाजीच्या आधी टॅक्सचा विषय निघायचा, आणि ज्याला त्यातलं कमी कळे तो जास्त बोले. मी बरंच बोलत असे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमचे हेडक्लार्क माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. सगळी शाळा त्यांना भाऊ म्हणे. भाऊ वाईट बातमी सांगताना नेहमी खिशातलं पेन काढून त्याचं टोपण काढघाल करत. तेव्हाही करत होते.

"बाई, या महिन्याचा तुमचा पगार जवळजवळ सगळा कापला जाणार. तुमच्या नावावर काहीच नाही दाखवायला."

"मग आता काय दाखवू?"

"विमा काढा, पीपीएफ उघडा. नाहीतर ऐंशी-जीची पावती आणा. धर्मादाय संस्थेला देणगी दिलीत आणि त्या संस्थेला सूट मंजूर असली, तर निम्मी देणगी उत्पन्नातून वजा धरतात. रिटर्न भरलंत की कापलेल्यातलं थोडं परत मिळतं. पावती मात्र मार्चअखेरच्या आतली हवी."

पगार कापला जाणार म्हटल्यावर माझं डोकं फिरलं होतं. माझा स्वभाव मुळात तापट. त्यात हे, म्हणजे आमचे यजमान, आयुष्यभर पाटबंधारे खात्यात नोकरी करून कुठल्याही प्रश्नाला "तू बघ" एवढंच उत्तर द्यायला शिकलेले, त्यामुळे घरात तापायचं कामही माझ्याच वाट्याला. मी विचार करत होते की विम्याला पैसे घालायचे, देणगीला पैसे घालायचे, म्हणजे वाचवायला आधी खर्चच करायचा. तेवढ्यात चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "माझ्या बहिणीने जुना फ्रीज आणि कपाट दिलं एका संस्थेला. घरही मोकळं झालं आणि पावतीही मिळाली." झालं. माझ्या डोक्यात ते वाक्य जाऊन बसलं ते उठेचना.

कारण आमचं घर मोकळं व्हायची मला किती घाई झाली होती, ते माझं मलाच माहीत. मारुती मंदिराच्या मागे आमचा ब्लॉक होता, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सासरे गेल्यावर दीड-दोन वर्षांपूर्वी सासूबाई गावाहून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना मी आई म्हणत असे. त्या आल्या तशा त्यांच्याबरोबर टेम्पोभर सामान आलं. फणसाच्या लाकडाची खाट, तांब्याचं घंगाळ, बसायचे पाट, पितळेचा एक हंडा. पाट इतके होते की आमच्याकडे कधी पंगत बसली असती तर अर्धी पंगत जिन्यात बसवावी लागली असती. ते सगळे पाट पलंगाखाली, कपाटामागे, देवघराच्या खाली असे जागा मिळेल तिथे घुसवलेले होते. केर काढताना रोज एखादा तरी पायावर पडे.

पण खाटेचं दुखणं सगळ्यात मोठं. ती बाहेरच्या खोलीत, भिंतीला लावून, खिडकीशी. तिचे पाय इतके जाड की खोलीत आलेल्या माणसाची नजर आधी त्या पायांवर जाई. तिच्या चार कोपऱ्यांना मच्छरदाणीच्या चार काठ्या दिवसरात्र उभ्या. आई दुपारी जेवून तिच्यावर आडव्या होत, आणि शाळेतून मी कोणाला घरी घेऊन आले की पाहुण्यांना काठ्यांच्या मधून आईंचे तळवे दिसत. मला लाज वाटायची. हे आज लिहिताना बोटं अडखळतात, पण वाटायची खरी.

आणि आईंची जीभ. त्यांना माझ्या हातचं मीठ कधी पटलंच नाही. पहिला घास तोंडात गेला की त्या थांबत, थोडा वेळ वर बघत, आणि मग निकाल देत. "आळणी झाल्येय." नाहीतर, "समुद्र ओतलास की काय गो?" मी वर्गात साठ पोरींना नुसत्या नजरेने गप्प बसवणारी बाई, घरी आमटीच्या वाटीपुढे परीक्षेला बसल्यासारखी बसत असे. मग मी काहीतरी बोले, त्या त्यावर बोलत, आणि हे पेपर उघडून त्याच्या आड जात. आमच्या घरातलं हे रोजचं जेवण होतं. तेव्हा मला तो जाच वाटे.

चौकशी करता करता कळलं की हातखंब्याच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत, एक वृद्धाश्रम आहे, त्यांना सामान हवंय, आणि त्यांच्या पावतीवर ती ऐंशी-जीची ओळ छापलेली असते. मी लगेच फोन केला. पुढच्याच रविवारी टेम्पो पाठवतो म्हणाले.

मी आईंना विचारलं नाही असं नाही. आदल्या संध्याकाळी विचारलं. पण कसं विचारलं, ते सांगायला हवं. मी पूर्वपरीक्षेचे राहिलेले पेपर तपासत बसले होते आणि मान वर न करता म्हणाले, "आई, ती खाट, पाट आणि घंगाळ देऊन टाकू या का? तुमच्यासाठी सोफा-कम-बेड सांगितलाय. मऊ असतो."

"कोणाला देणार?"

"आश्रमाला. वृद्धाश्रम आहे हातखंब्याकडे."

मी पुढचे दोन पेपर तपासले. मग त्या म्हणाल्या, "द्या. तुमचं घर." मला वाटलं होतं भांडण होईल. भांडायची तयारीही करून ठेवली होती, खाटेच्या फटीतले ढेकूण वगैरे मुद्दे काढून ठेवले होते. ते सगळे वाया गेले म्हणून मला हलकंच वाटलं.

रविवारी टेम्पो आला. त्याच्या अंगावर आश्रमाचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं, त्यातला 'वृद्ध' हा शब्द लांबूनही वाचता येईल असा. बरोबर तिथले व्यवस्थापक आले होते, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. माणसांनी खाट उचलली. ती दारातून सरळ निघेना, आडवी करावी लागली. जिन्यात शेजारणी उभ्या राहून बघत होत्या. मी एखादं मोठं सत्कर्म चालल्यासारखी सूचना देत पुढे-मागे करत होते. आई आतल्या खोलीत होत्या. सामान खाली गेलं आणि टेम्पोची फळी लावायच्या वेळी त्या बाहेर आल्या. त्यांच्या हातात मच्छरदाणीच्या काठ्या होत्या, चारही एकत्र नाडीने बांधलेल्या, आणि वर मच्छरदाणीची नीट घडी.

"ह्या राहिल्या हो," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या. "तिथे मच्छर असतील."

"आहेत आजी, पुष्कळ आहेत," ते म्हणाले.

त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून पावती लिहिली. लिहिता लिहिता थांबले. "बाई, मी वस्तूच लिहितो हां. रक्कम नाही लिहिता यायची, पैसे काही मिळाले नाहीत."

"लिहा हो, काय लिहायचं ते," मी म्हणाले. माझी नजर पावतीच्या तळाशी छापलेल्या ओळीवर होती. ती दिसली आणि मला बाकीचं काही वाचायची गरज वाटली नाही. आईंनी टेम्पोवाल्यांना चहा केला. मला उगाच अभिमान वाटला, की म्हातारी माणसं किती हट्टी असतात म्हणतात लोक, आमच्या आई बघा.

सोफा-कम-बेड आला. त्याची सकाळी उठून घडी करावी लागे, नाहीतर बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. आई मुळात पहाटे उठणाऱ्या, पण आता त्या आणखी लवकर उठू लागल्या. मी दूध घ्यायला दार उघडी तोवर अंथरूण गुंडाळलेलं, सोफा झालेला, त्यावरची चादर ताणून सुरकुती काढलेली. दुपारी त्या आडव्या होईनाशा झाल्या. सोफ्याच्या एका टोकाला पाठ ताठ ठेवून बसत, एखाद्याच्या घरी भेटायला आल्यासारख्या. मी म्हटलं, "आई, पडा थोडा वेळ." त्या म्हणाल्या, "नको गो. झोप कुठे येत्येय."

आणि त्यांनी मिठाबद्दल बोलणं बंद केलं.

पहिल्या दिवशी मला ते लक्षातही आलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मी वाट बघत होते, त्यांनी घास घेतला, आणि दुसरा घास घेतला. वर बघितलं नाही. मी विचारलं, "बरी झालीय का आमटी?" तर म्हणाल्या, "चांगली झाल्येय." पुढे सगळंच चांगलं होऊ लागलं. भात मऊ झाला तरी चांगला, पोळी करपली तरी चांगली. मासे त्यांना जिवापाड आवडत, तर म्हणायच्या, "मला एकच तुकडा. तुम्ही खा, तुम्ही कामाची माणसं." दूध अर्धा कप. आंघोळीला पाणी कमी. त्या माझ्याआधी भाजी निवडून ठेवत, मी घरी यायच्या वेळी दारात पाण्याचा तांब्या भरून ठेवत. एक दिवस तर त्यांनी ह्यांच्या बुटांना पॉलिश केलेलं मी पाहिलं.

मला फार बरं वाटलं. काय सांगू, त्या आल्यापासून हवी असलेली शांतता घरात आली होती. मी स्टाफरूममध्ये सांगितलं, "आमच्या आई आता अगदी बदलल्यात. किती समजूतदार झाल्यात म्हणून सांगू." चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "नशीब काढलंत." मी मान डोलावली. ती मान डोलावल्याचं मला आजही आठवतं, आणि आठवलं की कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "एकदा मला भाट्याला नेशील गो? समुद्र बघत पुळणीवर बसून यायचंय." मी म्हटलं, दहावीच्या परीक्षेवर सुपरव्हिजन आहे, मग पेपर तपासायला येतील, मे महिन्यात जाऊ. त्या म्हणाल्या, "मे महिन्यात." तेवढंच. आणखी एकदा त्यांनी मला मुद्दाम स्वयंपाकघरात बोलावलं आणि कैरीच्या लोणच्याला मोहरी कशी फेसायची ते करून दाखवलं. "दाखवून ठेवत्ये," म्हणाल्या. मी कंटाळून बघत होते. मला घाई होती.

मार्च संपत आला तशी मी पावती घेऊन भाऊंकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून ती वाचली, मग चष्मा खाली करून पुन्हा वाचली, आणि खिशातलं पेन काढलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"बाई, ह्यात खाट आहे. पाट आहेत."

"आहेत ना. खाली ऐंशी-जी छापलंय बघा."

"ते छापलेलंच असतं. पण सवलत पैशाला आहे, वस्तूला नाही. रोख द्या, चेक द्या. खाट कोण वजा धरणार?"

"तुम्हीच म्हणालात पावती आणा."

"पावती म्हटलं मी. सामान कुठे म्हटलं?" भाऊ बिचारे हळूच म्हणाले. "तरी एकदा आश्रमात जाऊन बघा. सामानाची किंमत धरून काही लिहून देत असतील तर."

म्हणजे खोटी रक्कम लिहून आणा, असा त्याचा अर्थ मी घेतला, आणि भाऊंचाही तोच असावा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट ते सामान मी फुकट दिलं याचाच राग आला होता. रविवारी सकाळी जायचं ठरवलं. घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "तू बघ." मग जरा विचार करून म्हणाले, "आईला ने बरोबर. बरेच दिवस घराबाहेर पडली नाहीये." मला ते पटलं. त्यांचंच सामान आहे, त्या बरोबर असल्या तर व्यवस्थापकांनाही नाही म्हणता येणार नाही, असा हिशेब मी मनात केला.

मी आईंना म्हटलं, "आई, रविवारी आश्रमात जायचंय आपल्याला. सकाळच्या एसटीने."

त्या वाती वळत होत्या. हात थांबले. "बरं," म्हणाल्या.

रविवारी मी तयार होऊन बाहेर आले तर त्या आधीच तयार. ठेवणीतलं जांभळ्या काठाचं लुगडं नेसलेल्या, केस चापून बसवलेले. हातात कापडी पिशवी, चांगली भरलेली. मला वाटलं आश्रमातल्या लोकांना द्यायला लाडू किंवा कोकम घेतलं असेल, रिकाम्या हाताने त्या कुठे जात नसत. देवघरासमोर त्या जरा जास्तच वेळ उभ्या राहिल्या. मला एसटीची घाई. हे टीव्हीवर मॅच बघत बसले होते. आई त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या, त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जात्ये रे."

"हं," हे म्हणाले.

"आई, येते म्हणावं," मी चपला घालता घालता म्हटलं. आमच्याकडे निघताना कोणी जाते म्हणत नाही, आणि हे त्यांनीच मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात रागावून शिकवलेलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या. आपण शिकवलेलं सून विसरली नाही म्हणून हसल्या असतील, असं मला वाटलं.

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. सबंध रस्ता त्या बाहेर बघत होत्या. मी व्यवस्थापकांशी काय बोलायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होते. फाट्यावर उतरून आत चालत जावं लागलं, लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना काजूची झाडं. ऊन चढायला लागलं होतं. मी त्यांच्या हातातली पिशवी घ्यायला गेले, तर त्यांनी ती छातीशी धरली. "असू दे गो. माझी मीच नेत्ये."

आश्रम म्हणजे चिऱ्याची बैठी लांबट इमारत, वर कौलं, पुढे शहाबादी फरशीचा ओटा. व्यवस्थापकांनी ओळखलं. पाणी दिलं. मी विषय काढणार एवढ्यात आई म्हणाल्या, "बायकांची खोली कुठे हो?" त्यांना बाथरूमला जायचं असेल असं मला वाटलं. व्यवस्थापक आम्हाला आत घेऊन गेले.

लांब खोली, लोखंडी खाटांची रांग, सगळ्यांवर एकसारख्या चादरी. आणि शेवटी, खिडकीपाशी, फणसाच्या लाकडाची ती खाट. चार काठ्या उभ्या, आमची मच्छरदाणी वर गुंडाळलेली. त्या लोखंडी रांगेत ती एकटीच घरातून आल्यासारखी दिसत होती. तिच्यावर एक वाळलेली म्हातारी पाय वर घेऊन बसली होती. आई सरळ तिथपर्यंत गेल्या. खाटेच्या जाड पायावर एकदा हात फिरवला. मग वाकून त्यांनी पिशवी खाटेखाली सरकवली, नीट, भिंतीला टेकवून, आणि व्यवस्थापकांकडे वळल्या.

"खाट माझीच आहे ही," त्या म्हणाल्या. "पण ह्या बसल्यायत. ह्यांना उठवू नका. मला ती पलीकडची चालेल. खिडकी थोडी लांब पडेल, पण चालेल."

व्यवस्थापक माझ्याकडे बघायला लागले. मी आईंकडे बघत होते.

"आई, तुम्ही काय म्हणताय?"

"नाय गो, तू काय वाईट वाटून घेऊ नको. मला ठाऊक होतं. खाट निघाली तेव्हाच कळलं." त्या अगदी समजावून सांगण्याच्या आवाजात बोलत होत्या, मलाच धीर देत असल्यासारख्या. "माझ्या बापाने रुखवतात दिलीन ही. लग्नात तेव्हाही आधी हीच गाडीत चढवलीनी, मग मी चढल्ये. ही पुढे जात्ये आणि मी मागून."

मी त्या पलीकडच्या लोखंडी खाटेवरच बसले. तिच्या चादरीला फिनेलचा वास येत होता. मला ते मागचे पाच-सहा आठवडे एकदम दिसायला लागले. गुंडाळलेलं अंथरूण, अर्धा कप दूध, माशाचा एक तुकडा, पॉलिश केलेले बूट, चांगली झाल्येय, चांगली झाल्येय. ज्याला मी समजूतदारपणा म्हणून शाळेत मिरवलं होतं, ती एक म्हातारी बाई होती, जी आपल्याला घरातून काढू नये म्हणून धडपडत होती. आणि मग ती धडपडही सोडून देऊन पिशवी भरून निघाली होती. मी ते सगळं बघितलं होतं आणि मला त्याचं सुख झालं होतं. सासऱ्यांच्या बाराव्याला मीच बाजारातून खाट, गादी, छत्री, चपला आणवल्या होत्या. दानाला. आमच्याकडे माणूस गेल्यावर खाट दाराबाहेर जाते, हे मला ठाऊक नव्हतं असं मी कोणाला सांगू? मी जिवंत माणसाची खाट आडवी करून दाराबाहेर काढली होती, आणि तीही पावतीसाठी.

"आई, मी तुम्हाला ठेवायला नाही आणलं," मी म्हटलं. "शपथ. मी त्या पावतीसाठी आले. टॅक्सच्या. मला टॅक्स वाचवायचा होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. टॅक्स म्हणजे काय ते त्यांना कळलं नसावं. कळलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. मी वाकून खाटेखालची पिशवी ओढली. तिचं तोंड उघडं होतं. वर दंतमंजनाची डबी, खाली दोन लुगडी, आणि सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो टॉवेलात गुंडाळलेला. आमच्या घरातल्या भिंतीवरची जागा सकाळपासून रिकामी होती आणि ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

व्यवस्थापक भला माणूस. म्हणाले, "बाई, खाट परत न्यायची असेल तर उद्या टेम्पो पाठवतो." मी हो म्हणणार होते. आई म्हणाल्या, "नको हो. दिलेलं परत नेत नाहीत. ह्यांना पाठ टेकायला बरी आहे." खाटेवरची म्हातारी आमच्या तोंडाकडे बघत होती. तिने पाय आणखी जवळ घेतले, जणू आम्ही खाटेबरोबर तिलाही उचलणार होतो.

रकमेचं मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं तोंड उरलं नव्हतं. परतीच्या एसटीत मी आईंचा हात धरून बसले होते. आमच्यात तशी पद्धत नव्हती. त्यांनी हात सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. मी पुन्हा पुन्हा सांगत होते, तुम्ही आमच्याकडेच राहायचं, ते तुमचंच घर. त्या म्हणाल्या, "होय गो. मी काय म्हटलं का?"

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात ह्यांना सगळं सांगितलं. हे "तू बघ" म्हणाले नाहीत. बाहेर जाऊन टीव्ही बंद केला आणि आईंच्या शेजारी सोफ्यावर बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, "चहा घेणार?" त्यांच्या जिभेला त्याहून जास्त काही जमलं नसावं. आई म्हणाल्या, "तुम्ही घेणार असाल तर अर्धा." मग ह्यांनीच फोटो भिंतीवर लावला. तो तिरका लागला होता, आणि एरवी आईंनी लगेच सांगितलं असतं.

पुढच्याच रविवारी आम्ही त्यांना भाट्याला नेलं. पेपर तसेच ठेवून. त्या पुळणीवर बसल्या, लाटांकडे बघत होत्या, चांगल्या दिसत होत्या. पण त्यांच्या मांडीवर ती कापडी पिशवी होती. ती मी तेव्हाच पाहिली, रिक्षात त्यांनी पदराखाली धरली होती. त्यानंतर त्यांना डॉक्टरकडे नेलं, लग्नाला नेलं, चिपळूणला नणंदेकडे नेलं, कुठेही, पिशवी बरोबर असे. आम्ही त्यांच्यासाठी नवी लाकडी खाट आणली, चार काठ्यांची. त्या तिच्यावर दुपारी कधी आडव्या झाल्या नाहीत.

पुढल्या वर्षी मी आश्रमाला चेक पाठवला. पावती आली, रक्कम लिहिलेली, खाली ती ओळ छापलेली. खोटं कशाला बोलू, ती मी रिटर्नला लावली आणि निम्मी रक्कम वजा झाली. भाऊ म्हणाले, "आता कसं बरोबर केलंत, बाई."

त्या उन्हाळ्यात एक दिवस माझी सहनशक्ती संपली. मी आमटीत मीठ घातलं, आणि पुन्हा घातलं, आणि चव न बघता आणखी एकदा घातलं. मला त्यांची जीभ परत हवी होती. त्या रागावतील, समुद्र ओतलास की काय म्हणतील, मी उलट काहीतरी बोलेन, हे पेपरच्या आड जातील, आणि आमचं घर पुन्हा आमच्या घरासारखं होईल, अशी मला आशा होती. ह्यांनी पहिला घास घेतला आणि उठून मोरीत जाऊन चूळ भरली. आईंनी पहिला घास घेतला, दुसरा घेतला. भात संपवला, वाटी उचलून उरलेली आमटी पिऊन टाकली. मग पदराने तोंड पुसून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चांगली झाल्येय गो."